आधी प्रवेश, मग पैसे? अर्ली डिसिजनमध्ये तसं होत नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात. दहावीला ९६ टक्के, एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेला १५१०. तिला अमेरिकेत जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र शिकायचंय. आम्हा नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न वर्षाला २६ लाख. राहत्या फ्लॅटचं कर्ज अजून सात वर्षं आहे. सिन्नरकडे सासऱ्यांच्या नावे थोडी शेती. धाकटा आठवीत. ओढूनताणून वर्षाला १५ लाख देऊ शकू. आमचे कन्सल्टंट म्हणतात, कॉर्नेलला अर्ली डिसिजनने अर्ज करा, चान्स तिप्पट होतो. पण ‘आर्थिक मदत हवी का’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहा, कारण मदत मागणाऱ्यांना मागे टाकतात. प्रवेश मिळाल्यावर मदत मागता येते, आणि नाहीच मिळाली तर नकार देऊन मोकळं व्हायचं. मुलगी तयार आहे, माझ्या मनाला पटत नाही. काय करावं?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या मनाला पटत नाही तेच बरोबर आहे. कन्सल्टंटच्या सल्ल्यातली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. पुढच्या दोन चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत तुमच्या मुलीला मोजावी लागेल.

आधी चुकीच्या गोष्टी. अर्ली डिसिजन हा करार असतो. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा प्रतिनिधी अशा तिघांच्या सह्या त्यावर लागतात. अशा पद्धतीने एका वेळी एकाच कॉलेजला अर्ज करता येतो, आणि तिथे प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, असं तुम्ही लिहून देता. या करारातून सन्मानाने बाहेर पडायची वाट मुख्यतः एकच : आर्थिक मदतीसाठी अर्ज केला होता, पण मिळालेल्या मदतीत शिकणं शक्य नाही. या वाक्याचा पहिला भाग नीट वाचा. मदतीसाठी अर्ज केलेला असावा लागतो. ‘मदत नको’ असं लिहिलं की ‘पूर्ण खर्च आम्ही करू’ असं तुम्ही सांगितलेलं असतं. मग डिसेंबरात ‘पैसे नाहीत’ म्हणणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. त्याचा ठपका ज्युनिअर कॉलेजवरही येतो, कारण प्राचार्यांची सही त्याच कागदावर असते.

‘नंतर मदत मागू’ हेही परदेशी विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी बंद आहे. प्रवेशाच्या अर्जासोबत मदत मागितली नाही, तर पुढे ती मागता येत नाही, असा कित्येक कॉलेजांचा नियम आहे. काही ठिकाणी तो चारही वर्षं लागू राहतो. अमेरिकी विद्यार्थ्याला सरकारी मदतीचा आधार असतो, आपल्या मुलांना तो नाही. शिवाय व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म कॉलेज देतं तेव्हा पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कुठून येणार, याचे पुरावे मागतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. आय-२० च्या टेबलावर ते शब्दशः खरं ठरतं.

आता रक्कम मांडू. नावाजलेल्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे शिकवणी, राहणं, जेवण, पुस्तकं, विमा धरून, ९० हजार डॉलरच्या आसपास गेलेला आहे. हिशेबापुरता डॉलर ९० रुपयांना धरला तर वर्षाला ८१ लाख. फी दरवर्षी चार टक्के वाढली तर चार वर्षांचे साधारण ३ कोटी ४४ लाख होतात, आणि यात रुपयाची घसरण धरलेलीच नाही. तुमचे १५ लाख म्हणजे जेमतेम १६ हजार ७०० डॉलर. वर्षाला ७३ हजार डॉलर कमी पडतात. हा खड्डा कर्जाने बुजवायचं मनातही आणू नका. बावीस वर्षांच्या मुलीच्या आणि तुमच्या निवृत्तीच्या डोक्यावर अडीच कोटींहून जास्त ओझं ठेवून कुठलीच पदवी घ्यावी अशी नसते. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांचाही इथे उपयोग नाही : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, जे. एन. टाटा एन्डोमेंट या सगळ्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतर जाणाऱ्याला मोठी मदत मिळते ती कॉलेजकडूनच.

म्हणून मदत मागायचीच. प्रश्न उरतो तो कुठे मागायची हा.

इथे तीन जाती ओळखायला शिका. पहिली, परदेशी विद्यार्थ्यांसाठीही ‘नीड-ब्लाइंड’ असलेली कॉलेजं : निवड करताना ती पैशाची गरज बघत नाहीत, आणि निवडल्यावर त्यांच्या हिशेबाने ठरलेली पूर्ण गरज भागवतात. ही यादी छोटी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट ही जुनी नावं. त्यात गेल्या काही वर्षांत डार्टमथ, बोडइन, ब्राउन, नोटर डेम आणि वॉशिंग्टन अँड ली यांची भर पडली. दुसरी जात ‘नीड-अवेअर’ : निवडलेल्याची गरज पूर्ण भागवतात, पण निवडताना गरज किती आहे हे बघतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी कॉर्नेल, पेन, ड्यूक, स्टॅनफर्ड, विल्यम्स या जातीत मोडतात. तिसऱ्या जातीत गरजेवर आधारित मदत परदेशी विद्यार्थ्याला जवळपास नाहीच : बर्कली, यूसीएलए, मिशिगन, जॉर्जिया टेक यांसारखी सरकारी विद्यापीठं, आणि खासगीत कार्नेगी मेलन. कॉम्प्युटर सायन्स म्हटलं की घरोघरी हीच नावं घेतली जातात, म्हणून मुद्दाम सांगतोय : तुमच्या आकड्यात ती बसत नाहीत. त्यांच्या अर्जाचे पैसेही वाचवा.

तुमचे कन्सल्टंट म्हणतात की मदत मागणारा मागे पडतो. ते दुसऱ्या जातीपुरतं खरं आहे. अशा कॉलेजकडे परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी ठरावीक रक्कम असते. ७० हजार डॉलर मागणारा एक घ्यायचा की ३५ हजार मागणारे दोन, असा विचार समिती करते. पण यावर उपाय गरज लपवणं हा नव्हे. गरज सांगितली तरी नुकसान होत नाही, अशा दारावर जाणं हा उपाय आहे.

आणि ‘चान्स तिप्पट’? आकडे तसे दिसतात खरे. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी ब्राउनकडे अर्ली डिसिजनचे ६,२४४ अर्ज आले, त्यातले ८९८ घेतले, म्हणजे १४.४ टक्के. नियमित फेरीचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली होतं. पण अर्ली फेरीतला घोळका वेगळा असतो. ज्यांची निवड प्रशिक्षकांनी आधीच केलेली आहे असे खेळाडू त्यात असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि पैशाची चिंता नसलेले, दोन वर्षांपासून तयारी केलेले अर्जदार असतात. यांची संख्या वजा केली की उरलेल्यांचा फायदा बराच आटतो. तो शून्य होत नाही, कारण ‘हा नक्की येणार’ ही खात्री कॉलेजला हवीच असते. जागा वेळेत भरतात, प्रतीक्षायादीवर अवलंबून राहावं लागत नाही. तुमच्या मुलीसारख्या अर्जदाराला अर्ली डिसिजनने थोडं वजन मिळतं, तिप्पट नाही. नीड-अवेअर कॉलेजात मोठी मदत मागितली तर ते थोडं वजनही बहुतेक तिथेच खर्ची पडतं.

आता एक गोष्ट, जी भारतात राहून लक्षात येत नाही. तुमचं २६ लाखांचं उत्पन्न नाशकात चांगलं सुखवस्तू. पण डॉलरमध्ये ते २९ हजार होतं, आणि या कॉलेजांच्या तक्त्यात २९ हजार डॉलरचं घर कमी उत्पन्नाचं घर असतं. प्रिन्स्टनने २०२५-२६ पासून जाहीर केलं की दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना राहण्या-जेवणासकट काहीही भरावं लागणार नाही, आणि त्यांचं मदतीचं धोरण परदेशी विद्यार्थ्यांनाही तेच आहे. म्हणजे पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजात तुमच्याकडून १५ लाखांपेक्षा बरंच कमी मागितलं जाण्याची शक्यता आहे. फक्त मालमत्तेकडे लक्ष असू द्या. दुसरा फ्लॅट, मुदतठेवी, म्युच्युअल फंड हे सगळं हिशेबात धरतात, आणि प्रत्येक कॉलेजची मोजायची पद्धत वेगळी असते. कॉलेजांच्या संकेतस्थळांवरचे, कुटुंबाला किती भरावं लागेल याचा अंदाज सांगणारे नेट प्राइस कॅल्क्युलेटर बहुतेक अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेले असतात, त्यांचा आकडा अंदाजापलीकडे धरू नका.

या सगळ्यावरून आमचं मत असं. अर्ली डिसिजन वापरायचंच असेल तर ते नीड-ब्लाइंड आणि अर्ली डिसिजन दोन्ही असलेल्या कॉलेजसाठी वापरा : ब्राउन, डार्टमथ, अ‍ॅम्हर्स्ट, बोडइन, वॉशिंग्टन अँड ली. वचन दिल्याचं वजन मिळतं आणि गरजेची वजाबाकी होत नाही, असा मेळ फक्त इथे आहे. जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र करायला ब्राउन चांगलं, कारण तिथल्या खुल्या अभ्यासक्रमात सक्तीचे सर्वसाधारण विषय नाहीत आणि संगणकीय जीवशास्त्राची स्वतंत्र शाखाच आहे. मुलीने कॉर्नेलचं नाव कन्सल्टंटकडून ऐकून धरलंय की स्वतः अभ्यासक्रम वाचून, हे तिला शांतपणे विचारा. वाचून असेल तर कॉर्नेलही बाद नाही. तिथे भारतीय नागरिकांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे, २००८ मध्ये टाटांच्या न्यासाने दिलेल्या अडीच कोटी डॉलरच्या देणगीतून उभी राहिलेली. एका वेळी साधारण वीस विद्यार्थ्यांना, म्हणजे चारही वर्षांचे मिळून, तिचा आधार असतो. जागा थोड्या आहेत, पण ती मिळायची तर अर्जातच मदत मागितलेली लागते. कन्सल्टंटच्या सल्ल्याने ‘नाही’ लिहिलंत तर ज्या एका कारणासाठी आपल्या मुलांनी कॉर्नेलला जावं, तेच हातचं जाईल.

तिचं मन एका कॉलेजवर ठाम नसेल, तर अर्ली डिसिजन करूच नका. येल किंवा प्रिन्स्टनला त्यांच्या बंधन नसलेल्या अर्ली फेरीतून अर्ज करता येतो. तिथे प्रवेश मिळाला तरी मेपर्यंत ठरवायला वेळ असतो. अट इतकीच की त्याच फेरीत दुसऱ्या खासगी विद्यापीठाला अर्ली अर्ज करता येत नाही. बोडइन आणि वॉशिंग्टन अँड ली यांची अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही असते, जानेवारीच्या सुरुवातीला. डिसेंबरात एका ठिकाणी नकार आला तर तिचा विचार जरूर करा. वॉशिंग्टन अँड लीची जॉन्सन शिष्यवृत्ती गुणवत्तेवर शिकवणी, राहणं आणि जेवण यांचा खर्च देते, पण तिची मुदत १ डिसेंबर, म्हणजे फेरीच्या आधीच येते.

कागदपत्रांत खरी मेख आहे, आणि महाराष्ट्रातल्या मुलांची गाडी नेमकी तिथे अडते.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा एकच सामायिक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि पुढची दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात, त्यामुळे दोन्हीकडून सही-शिक्क्याची गुणपत्रकं आणावी लागतात. नववीचं गुणपत्रक शाळेच्या कपाटातून निघायला कधी कधी महिना लागतो, तेव्हा आत्ताच अर्ज द्या. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, तीही शिक्षकाने स्वतः अपलोड केलेली. मुलगी इंटिग्रेटेड क्लासला जात असेल आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला दिसत असेल, तर तिला ओळखणारा शिक्षक कोण, हा प्रश्न आज सोडवा. ऑक्टोबरात तो सुटत नाही. समुपदेशकाचा फॉर्म आणि अर्ली डिसिजनच्या करारावरची सही ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांची किंवा उपप्राचार्यांची लागते. कन्सल्टंट ही सही करू शकत नाही. कुणी ‘आम्ही त्यांच्या नावाने ईमेल काढून देतो’ म्हणालं, तर तिथून उठून या. अशी गोष्ट उघडकीला आली तर दिलेला प्रवेशही रद्द होतो. प्राचार्यांना एका पानावर मराठीतच लिहून द्या : काय भरायचं, कधीपर्यंत, आणि सही केली म्हणजे कॉलेज कशाची हमी देतं.

ब्राउन, डार्टमथ आणि कॉर्नेल आता एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी परीक्षा मागतात. अ‍ॅम्हर्स्ट आणि बोडइनमध्ये ते ऐच्छिक आहे. गुण वाढवायचे असतील तर ऑगस्ट किंवा ऑक्टोबरची परीक्षा द्या. नोव्हेंबरचा निकाल अर्ली फेरीत सगळीकडे चालेलच असं नाही.

मदतीचा मुख्य फॉर्म म्हणजे सीएसएस प्रोफाइल, तो १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. हे परवडत नसेल तर काही कॉलेजं माफीचा कोड देतात किंवा स्वतःचा फुकट फॉर्म देतात, त्यांच्या मदत कार्यालयाला ईमेल करून विचारा. फॉर्ममध्ये चलन निवडायची सोय आहे. रुपये निवडा आणि सगळे आकडे रुपयांतच भरा. स्वतः डॉलरमध्ये बदलू नका, आणि २६,००,००० मधली शून्यं दोघांनी मोजा. एक शून्य जास्त पडलं तर तुमची गरजच नाहीशी होते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, म्हणून ज्या वर्षाचं उत्पन्न विचारलंय त्याचं विवरणपत्र नीट निवडा. आयटीआरवरचं ‘असेसमेंट इयर २०२५-२६’ म्हणजे २०२४-२५ ची कमाई. या एका गोंधळाने कित्येकांचे फॉर्म आणि कागद जुळत नाहीत. फॉर्म १६, आयटीआर, पगाराचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं पीडीएफ करून ठेवा. मराठीतला सातबारा जोडायचा तर इंग्रजी भाषांतर सोबत द्या.

शेतीबद्दल : जमीन सासऱ्यांच्या नावे असेल तर ती तुमची मालमत्ता नव्हे. पण त्यातून तुमच्या घरात पैसा येत असेल तर तो दाखवा, करमुक्त असला तरी. फ्लॅटची बाजारभावाने किंमत आणि शिल्लक कर्ज दोन्ही खरं लिहा. विशेष परिस्थितीच्या रकान्यात सासू-सासऱ्यांचा औषधोपचार, धाकट्याची फी, गृहकर्जाचा हप्ता हे आकड्यांनिशी चार-पाच ओळींत मांडा. रडगाणं नको, रकमा द्या. ‘कुटुंब वर्षाला किती देऊ शकेल’ असा प्रश्न आला तर ओढूनताणूनचे १५ लाख लिहू नका. चारही वर्षं, धाकटा बारावीत गेल्यावरसुद्धा, जे देता येईल तेच लिहा.

अर्ली डिसिजनची मुदत बहुतेक १ नोव्हेंबर, काही ठिकाणी १५. मदतीच्या फॉर्मची मुदत साधारण त्याच पंधरवड्यात येते, पण ती वेगळ्या पानावर दिलेली असते आणि तीच चुकते. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. तोपर्यंत नियमित फेरीचे आठ-दहा अर्ज निबंधांसह तयार ठेवा, कारण त्यांची मुदत १ ते ५ जानेवारी. नकार पचवून दोन आठवड्यांत दहा निबंध लिहिणं कुणाला जमत नाही, त्यातून जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि फेब्रुवारीत बोर्ड. कॉलेजने होकार-नकार न देता निर्णय पुढे ढकलला, तर करार तिथेच संपतो आणि अर्ज नियमित फेरीत जातो. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचा अर्ज या गडबडीत राहून जातो, तोही भरा. अशोका विद्यापीठासारख्या गरजेनुसार फी कमी करणाऱ्या देशी जागेचाही अर्ज असू द्या.

प्रवेश मिळाला तर आनंदाने पेढे वाटा, पण मदतीचं पत्र हातात येईपर्यंत बाकीचे अर्ज मागे घेऊ नका. मदत मागितलेल्याला तेवढी मुभा असते. पत्रात अनुदान किती, कर्ज किती, आणि मुलीने कॅम्पसवर काम करून मिळवायचे किती, हे वेगळं काढा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यापेक्षा जास्त कमाई गृहीत धरू नका. विमानाचं तिकीट, आरोग्य विमा आणि हिवाळी कपडे धरलेत का ते पाहा. रक्कम अपुरी वाटली तर आठवड्याभरात कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करा, आणि किती कमी पडतंय तो आकडा लिहा. तरीही जमत नसेल तर करारातून मोकळं करण्याची लेखी विनंती करा. तुम्ही सुरुवातीपासून खरं सांगितलेलं असेल, तर ती मान्य होते.

या आठवड्यात एवढं करा : नवरा-बायको बसून वर्षाचा आकडा कागदावर लिहा आणि तो मुलीला दाखवा. मग तिला हव्या असलेल्या प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला तिच्याच ईमेलवरून तीन प्रश्न पाठवायला सांगा. भारतीय नागरिकासाठी तुम्ही नीड-ब्लाइंड आहात की नीड-अवेअर? आत्ता मदत मागितली नाही तर पुढे मागता येते का? अर्ली डिसिजनमध्ये मदतीचं पत्र प्रवेशासोबतच येतं का? उत्तरं सहसा चार-पाच दिवसांत येतात. ती छापून कन्सल्टंटच्या टेबलावर ठेवा.